आधी प्रश्न, मग फेलोशिप : बालविकासाच्या संशोधनाविषयी वाचकांचे प्रश्न

बालविकासाच्या क्षेत्रात संशोधन करू पाहणाऱ्या, किंवा नुकतीच सुरुवात केलेल्या, कोकणातील तीन वाचकांची पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. पत्रे मोठी असल्यामुळे त्यांतील मुख्य भागच येथे दिला आहे.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील असून मानसशास्त्रात एम. ए. केले आहे. आमच्या वाडीतील बरीच लहान मुले आजी-आजोबांकडे वाढतात, कारण आईवडील नोकरीनिमित्त मुंबईला असतात. अशा मुलांच्या भाषेच्या वाढीवर पीएच. डी. करावी असे मनात आहे, पण घरची परिस्थिती बेताची आहे. पैसे कोठून मिळतील आणि मुलांची तपासणी करायला कोठे शिकावे?

उत्तर : आपला विषय खरोखर चांगला आहे आणि तो आपल्याला कोणत्याही पुस्तकाने सुचवलेला नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत आधी योजनांची यादी मागितलेली असते आणि विषय नंतर ठरवू असे म्हटलेले असते; आपण उलट क्रमाने निघाला आहात आणि तोच क्रम कायम ठेवावा.

पैशांचे आधी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिच्यात कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ ही फेलोशिप, मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत आणि घरभाडे भत्ता त्याहून वेगळा असतो. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षे असली तरी स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. आपण आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल, तर आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्तीही पाहावी. राज्याच्या पातळीवर मराठा आणि कुणबी समाजांसाठी पुण्याची सारथी, इतर मागास वर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती आणि अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. रत्नागिरी जिल्ह्यातील कुणबी, भंडारी, गाबीत समाजांतील मुलामुलींना या वाटेची पुरेशी माहिती नसते, म्हणून ती मुद्दाम येथे नोंदवतो. मात्र या संस्थांकडे अर्ज करण्यापूर्वी पीएच. डी.ची नोंदणी झालेली असावी लागते आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. त्यामुळे जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि नोंदणीचे पत्र यांची फाईल आधीपासून तयार ठेवावी. एका वेळी एकच अधिछात्रवृत्ती घेता येते, हेही ध्यानात असू द्यावे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही पीएच. डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देते. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील आवारात आहे.

आता प्रशिक्षणाकडे वळतो, कारण माझ्या मते आपले खरे काम तेथे अडेल. याच सामाजिक विज्ञान परिषदेच्या मदतीने निरनिराळ्या विद्यापीठांत संशोधनपद्धतीचे दहा दिवसांचे अभ्यासवर्ग भरतात, त्यांपैकी एक आपण पहिल्याच वर्षी करावा. पण मुलांच्या विकासाचे मोजमाप वर्गात बसून येत नाही. भारतीय बाळांसाठी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला तयार केलेली डासी ही विकासचाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. ती जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी असून तिच्यात हालचालींचे ६७ आणि बौद्धिक विकासाचे १६३ घटक आहेत. एवढे घटक नुसते पाठ करून भागत नाही. पडवीत चटईवर बसून आपण बाळापुढे ठोकळा ठेवता, बाळ आपल्याकडेच टक लावून पाहत राहते, आणि कौतुकाच्या भरात आजी हळूच त्याचा हात ठोकळ्याकडे ढकलते. अशा वेळी तो गुण धरायचा नाही, आजीला न दुखवता तिला थोडे मागे बसायला सांगायचे आणि बाळाला पुन्हा संधी द्यायची, हे जाणत्या परीक्षकाच्या शेजारी बसूनच शिकता येते. त्यासाठी मार्गदर्शक ठरवताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहण्यापेक्षा ते किंवा त्यांचे सहकारी अजूनही स्वतः मुलांसोबत काम करतात का, हे विचारून घ्यावे. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा आणि निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालयाचा मानव विकास विभाग, तसेच बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा याच विषयाचा विभाग येथे जाऊन भेटी घ्याव्यात. मुंबईतील उम्मीद बालविकास केंद्र २००१ पासून विकासात अडचणी असलेल्या मुलांसाठी काम करते आणि प्रशिक्षणेही घेते, तेथेही चौकशी करावी.

आपल्या विषयात एक अडचण आहे जी अर्ज लिहितानाच सोडवावी लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलावरील संशोधनाला पालकांची संमती लागते. मूल सात ते बारा वर्षांचे असेल तर त्याचा तोंडी आणि त्याहून मोठे असेल तर लेखी होकारही घ्यावा लागतो. आपली मुले अगदी लहान आहेत, म्हणजे प्रश्न पालकांचा, आणि पालक तर मुंबईला. घरात आजी ‘हो’ म्हणाली म्हणजे झाले, असे धरून चालणार नाही. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, त्या दिवसांत संमती आणि पालकांच्या मुलाखती उरकाव्यात, आणि जून-जुलैत लावणीच्या गडबडीत कोणाच्याही घरी जाऊ नये. हे वेळापत्रक प्रस्तावात लिहिल्यास तो तपासणाऱ्या समितीला कळते की अर्जदाराला ते गाव माहीत आहे. वाड्या विखुरलेल्या असल्यामुळे प्रवासखर्चही एसटीच्या तिकिटापुरता धरू नये. मुक्काम, रिक्षा आणि मुले आजारी असल्यामुळे फुकट जाणाऱ्या फेऱ्या त्यात याव्यात.

प्रश्न : मी मालवणची असून मानव विकास या विषयात पीएच. डी. पूर्ण केली आहे. त्यानंतर बाळंतपणामुळे काम थांबले. सिंधुदुर्गात राहून पुढचे संशोधन करता येईल का, की मुंबई-पुणे गाठल्याशिवाय पर्याय नाही?

उत्तर : राहून करता येईल, पण एकटीने नाही. पीएच. डी.नंतरच्या सर्वच योजनांना यजमान संस्था, म्हणजे जिच्या आश्रयाने संशोधन चालेल अशी संस्था, लागते आणि ती शोधणे हेच आपले पहिले काम आहे. ती मोठ्या शहरातच असली पाहिजे असे नाही. चिपळूणजवळ डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, आणि पुण्याजवळच्या खेड्यांत पुण्याच्याच केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये सुरू केलेल्या मातापोषणाच्या अभ्यासाने तर जगाचे लक्ष वेधले. त्याही आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह ते वाढवले. लहान मुलांविषयीचे गंभीर काम याच किनाऱ्यावर झालेले आहे, तेव्हा आपण कोकणात आहोत हे अर्जात उणेपणाने लिहू नये.

आपला प्रस्ताव आरोग्याच्या अंगाने जात असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये उभारलेल्या इंडिया अलायन्सच्या नवोदितांसाठीच्या फेलोशिपची ताजी जाहिरात पाहावी. शिक्षण, कुटुंब, संगोपन या अंगाने जात असेल तर सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची पीएच. डी.नंतरची अधिछात्रवृत्ती अधिक जुळेल. एकच प्रस्ताव दोन्हीकडे पाठवू नये. परीक्षकांना तो उसना वाटतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना स्त्रियांसाठीच आहे आणि कामात खंड पडलेल्यांचाही तिच्यात विचार होतो, तेव्हा बाळंतपणाचा काळ लपवण्याची काहीही गरज नाही. तो खंड तारखांसह सरळ लिहावा.

परदेशी संस्थांपैकी वर्तनविकासाच्या अभ्यासाची १९६९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था, जिला संशोधक आयएसएसबीडी म्हणतात, विकसनशील देशांतील नवोदित अभ्यासकांसाठी फेलोशिप देते आणि निरनिराळ्या देशांत कार्यशाळा घेते. भारतासारख्या देशांतील सदस्यांना वर्गणीतही सवलत असते. मला या संस्थेचे महत्त्व पैशांपेक्षा एका वेगळ्या कारणासाठी वाटते : मालवणात बसून आपला मसुदा वाचून दाखवायला जाणते माणूस मिळत नाही, ते अशा ठिकाणी मिळते.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. नोकरी सांभाळून बालविकासात पीएच. डी. करता येईल का? शोधनिबंध छापून देतो असे सांगून पैसे मागणारे निरोप फोनवर येतात, त्यांचे काय करावे?

उत्तर : करता येईल, गुरुजी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत अर्धवेळ पीएच. डी.ची स्पष्ट तरतूद आहे. अधिछात्रवृत्त्या मात्र जवळजवळ सर्वच पूर्णवेळ संशोधकांसाठी असतात, त्यामुळे आपण पगारावरच हे करणार असे धरून चालावे. त्याच नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली आहे, तेव्हा फोनवरच्या त्या निरोपांना उत्तर देऊ नये आणि एक रुपयाही भरू नये. संशोधनपद्धती आणि बालविकास या विषयांचे अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतेच शुल्क पडते. प्रवेशासाठी आपल्याला नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल आणि ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून वर सरकायला वेळ घेते, म्हणून प्रवेशाची जाहिरात निघण्याची वाट न पाहता त्याचा अर्ज आताच द्यावा.