चाइल्ड प्लॅन राहू द्या, आधी राजीनामा थांबवा

प्रश्न : आमच्या पाच महिन्यांच्या मुलीला एमएसयूडी, म्हणजे मेपल सिरप युरिन डिसीज हा जन्मजात आजार आहे; प्रोटीनमधले काही घटक तिच्या शरीराला मोडता येत नाहीत. ते घटक वगळलेल्या खास पावडरीला महिन्याला 20 हजार लागतात. दोन वर्षांनी ती बंद होईल. एजंट म्हणतात, 10 लाखांची एफडी मोडून युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र) चाइल्ड प्लॅन घ्या, 10 वर्षांत 25 लाख होतील. घेऊ का? पुढच्या महिन्यात नोकरी बदलतोय, पगार 15 हजारांनी वाढेल. तिथे ग्रुप मेडिक्लेम नाही, पण स्वतःची पॉलिसी काढेन.

उत्तर : घेऊ नका. 10 चे 25 म्हणजे सगळे चार्जेस जाऊन वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या वर. एजंटाकडे लेखी हमी मागा, मिळणार नाही. युलिपमधला पैसा पाच वर्षं हाताला लागत नाही. या बाळांना साधा ताप आला तरी शरीर स्वतःचंच प्रोटीन मोडू लागतं, रक्तात ल्युसिन हा प्रोटीनमधला घटक साठतो, मेंदूला सूज येऊ शकते. त्या रात्री डिपॉझिट भरायला एफडीच लागेल. आजार ठाऊक असून हा प्लॅन गळ्यात मारतात, याची चीड येते.

पावडर दोन वर्षांनी बंद होत नाही. यकृत प्रत्यारोपण झालं नाही, तर हा आहार जन्मभराचा. आजच्या हिशेबाने वर्षाला जवळजवळ अडीच लाख धरा.

पण खरी चूक तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. आज मुलगी ग्रुप पॉलिसीत असेल, तर ते कवच सोडू नका. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, मुळात पॉलिसी मिळाली तर. पगारवाढ वर्षाला 1 लाख 80 हजार. आयसीयूतला एक लांबलेला मुक्काम ती खाऊन टाकेल. जायचंच असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे ग्रुप पॉलिसीतून बदली, मागा आणि मुलीच्या नावासह लेखी होकार येईपर्यंत राजीनामा देऊ नका. तुमच्या टर्म विम्याचा, म्हणजे तुमच्या मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचा, पत्रात उल्लेखच नाही. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, तर तो याच महिन्यात काढा.

2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात एमएसयूडी आहे. 2022 पासून 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण फक्त अधिसूचित केंद्रांमार्फत. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत आणि मंजुरी आपोआप मिळत नाही, म्हणून सगळे रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात नोंदणीला जा. तिथेच जेनेटिक कौन्सेलिंगही करून घ्या. पुढच्या प्रत्येक बाळाला हा धोका चारात एक आहे.