वाचकांचे प्रश्न : काल पहाटे चारपासून

प्रश्न : मॅडम, मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करतो. भाजी आणणं, मुलीला क्लासला सोडणं, गॅस, लाइटबिल, रविवारी पंखे पुसणं, जळमटं काढणं हे सगळं माझ्याकडे असतं. माझ्या मते घरातलं निम्मं काम मीच करतो. बायको म्हणते, पावसुद्धा नाही. मध्यंतरी वाचलं की भारतातल्या बायका रोज पाच तास घरकाम करतात. हे आकडे काढतात कसे? नुसतं विचारून खरं कळतं का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. ‘घरात किती काम करता?’ असं विचारलं तर खरं कळत नाही. नवरा आणि बायकोला वेगवेगळं बसवून आपापला वाटा विचारला, तर दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्ण कामापेक्षा जास्त भरते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं. यात कुणी खोटं बोलत नसतं. आपण पुसलेला पंखा आपल्याला आठवतो. आपण झोपेत असताना दुसऱ्याने भरलेलं पाणी आठवणार कसं? म्हणून तुम्हा दोघांपैकी कोण चूक, या वादात मी पडत नाही. तो वाद अंदाजाने मिटणारा नाही.

म्हणूनच राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं, तेव्हा मत विचारलं नाही, काल काय केलं ते विचारलं. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंतचा दिवस घ्यायचा, त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात काय केलं ते लिहायचं. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांची २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. तुम्ही वाचलेले पाच तास इथले.

पण ९७ मिनिटं म्हणजे प्रत्येक पुरुष दीड तास राबतो असं समजू नका. ही सरासरी त्या दिवशी घरकामाला हात लावलेल्यांचीच आहे. असे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. बाकीच्या ७४ पुरुषांचं शून्य त्यात धरलं, तर पुरुषाच्या वाट्याला पंचवीसेक मिनिटं येतात. बातम्यांमध्ये हा भाग बहुतेक वेळा गळतो आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण खरी दरी तिथेच आहे. २०२४ मध्ये हेच सर्वेक्षण पुन्हा झालं, तेव्हा बायकांची २८९ मिनिटं आली आणि पुरुषांची ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषांच्या आकड्याकडे पाहिलं तर ते काम त्यांनी उचललेलं दिसत नाही.

आता तुमची यादी पाहू. लाइटबिल रात्री अकराला भरता येतं, जळमटं या रविवारी नाही निघाली तर पुढच्या. डब्याच्या पोळीला अशी सवलत नाही. तुमची फर्स्ट शिफ्ट असेल त्या दिवशी तुमच्या घरात पहाटे पहिला दिवा कोण लावतं, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक असेलच. तुमची बरीचशी कामं आपल्या सोयीने करायची आहेत, त्यांची मात्र घड्याळाला बांधलेली. दिवस कुणाच्या हातात राहतो, हे यावर ठरतं. तरी तुमची कामं मी किरकोळ मानत नाही. मुलीला क्लासला सोडणं तर रोजचं आणि वेळेचं बंधन असलेलं काम आहे.

मी नाशिकमध्ये समाजशास्त्र शिकवायचे तेव्हा विद्यार्थ्यांना असे वेळेचे तक्ते भरायला घरोघरी पाठवत असे, कधी सोबतही जात असे. तुमच्या सिडकोतल्याच एका घरी एका बाईंनी संध्याकाळी सहा ते सातसमोर सांगितलं, “काही नाही, बसले होते.” आमच्या विद्यार्थिनीने पुन्हा विचारलं, बसून काय करत होतात? मग निघालं ते असं : मेथी निवडत होत्या, धाकट्याकडून पाढे म्हणवून घेत होत्या, कुकरच्या शिट्ट्यांवर कान होता आणि मधे उठून सासऱ्यांना गोळी दिली होती. अशा वेळी त्या तासासमोर एकच काम लिहिलं की बाकीची तीन गळतात. सरकारी सर्वेक्षणात एका तुकड्यात एकाहून जास्त कामं लिहायची सोय आहे ती म्हणूनच. पण कोरड्या आवाजात प्रश्न विचारून पुढे जाणाऱ्यापुढे बाई ‘बसले होते’ एवढंच सांगते.

तुम्ही दोघांनी एक करा. एखादा मंगळवार-बुधवार धरा, रविवार नको. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर पहाटे चारपासूनचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहा आणि रात्री कागद शेजारी ठेवा. अपुरी झोपही त्यात दिसू द्या. मग कुठलं रोजचं, न टळणारं काम तुम्ही कायमचं अंगावर घेता ते ठरवा. एकच घ्या, पण त्याची आठवण त्यांना करून द्यावी लागता कामा नये.

प्रश्न : ताई, आमच्याकडे आधी पुरुषांची आणि मुलांची पानं, मग आम्ही दोघी सासू-सुना. सून म्हणते, सगळे एकत्र बसू. माझी ना नाही, पण ह्यांना आणि मुलाला तव्यावरची गरम पोळी लागते, ती कोण वाढणार? एवढ्याशा गोष्टीवरही म्हणे संशोधन होतं?
— एक आजी, पंचवटी

उत्तर : होतं, आणि व्हायलाच हवं. दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये चाळीस हजारांहून जास्त घरांत जाऊन नेमकं हे विचारलं : मुख्य जेवण सगळे एकत्र घेता, की पुरुष आधी? शेवटी बसणारीच्या पानात उरलेलं पडतं. पोळ्या पुरतात, भाजी पुरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं, पुरुषांत २५. त्याला पाळी, बाळंतपणं, आहार अशी बरीच कारणं आहेत, सगळा दोष पंगतीचा नाही. पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईने पालेभाजीच्या तळाशी उरलेल्या रसावर भागवावं, हे मला पटत नाही.

आजी, खरी मेख तुम्हीच सांगितलीत. तव्याशी कुणीतरी उभं असेल तोवर सगळे एकत्र बसूच शकत नाहीत, मग मनं कितीही बदलोत. दुपारी डब्यातली पोळी खाणाऱ्या माणसाला रात्रीही ती चालते. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलेल्या पोळ्या अर्धा तास चांगल्या मऊ राहतात. ज्याला तव्यावरचीच हवी त्याने आपली स्वतः शेकून घ्यावी. सुनेने हे सांगितलं तर वाद होईल, तुम्ही सांगितलंत तर घर ऐकेल. तेवढं तुमच्या सुनेसाठी करा.

प्रश्न : मॅडम, टी.वाय.बी.ए.च्या प्रकल्पासाठी गावातल्या बायकांच्या कामाचा अभ्यास करायचा आहे. पण माझी आईच म्हणते, “मी कुठे काम करते, घरीच असते.” ती तर द्राक्षबागेत राबते. प्रश्न कसे विचारू?
— एक विद्यार्थिनी, निफाड तालुका

उत्तर : ‘काम करता का?’ हा प्रश्नच काढून टाक. जनगणनाही नुसतं घरकाम करणारीला ‘काम न करणारी’त धरते, मग आई वेगळं काय सांगणार? ॲन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या ४० गृहिणींना त्यांच्या दिवसाबद्दल सविस्तर विचारलं, तेव्हा आठवड्याची सरासरी ७७ तास निघाली. घरकामाकडे काम म्हणून पाहायला समाजशास्त्र त्यानंतर शिकलं.

तू उठल्यापासून विचार : झाडलोट, शेण, धारा, डबे, मग बागेत थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) की डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), कांदाचाळीतला कांदा निवडणं, परत येताना सरपण. नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असेल तर गप्पा मारून ये आणि दुसऱ्या दिवशी जा. सातबारावर तिचं नाव आहे का, तेही विचार. तुझ्याच जिल्ह्यात, चांदवडला १९८६ मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, पुढे बायकोच्या नावावर जमीन करण्याची लक्ष्मीमुक्ती मोहीमही निघाली. त्या वेळी अधिवेशनाला गेलेल्या आज्या गावात असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात कर. एक फेरी ऑक्टोबर छाटणीनंतर बागेची घाई असते तेव्हा घे, दुसरी पावसाळ्यात, आणि दोन्ही वेळा त्याच घरांत जा.