अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डब्याचं सुरू केलं, सासरचे बोलतात. मी आई म्हणून कमी पडले का?

नाही. आता माझं ऐका.

माझं सासर बेळगावात, वडगावला. थोरला जन्मला तेव्हा २ किलो ८०० होता, नवव्या दिवशी काटा २ किलो ४०० वर. दिवसाला दोन लंगोट ओले, रडायचंही त्यानं सोडलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजपासूनच वरचं दूध. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, आईनं काही बाकी ठेवलं नव्हतं. नाही आलं दूध, तर नाही आलं.

बारशाला निपाणीहून आतेसासूबाई आल्या. डबा दिसला आणि पाळणा राहिला बाजूला. "पोर भुकेनं वाळूलालंय आणि ही डबे फोडूलाली! आमच्यात डब्यावर कोण वाढलं नाही." भरल्या घरात. सासूबाई खाली मान घालून ओटीचे खण मोजत बसल्या, ते मला जास्त लागलं. आणि आत्याबाईंनी बाळाला आणलं काय होतं? चांदीचं बोंडलं, बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं! अहो, बोंडलं कशाला असतं? तुमच्या आज्यांच्या काळी सगळ्यांना भरभरून दूध येत होतं, तर सोनारानं ते काय पूजेला घडवलं? गाईचं, शेळीचं दूध पाणी घालून पाजत होतेच की. हे मी तेव्हा बोलले नाही. इथे बोलते.

तुमच्या घरातही एखादं बोंडलं असेल. बोलणाऱ्यांच्या पुढ्यात ठेवा. दूध त्यातून पाजू मात्र नका, त्याची चोच आतून नीट घासता येत नाही. उकळलेली वाटी-चमचा बरा. पावडर डब्यावरच्या मापानंच, पुरवायला म्हणून पातळ करू नका. आणि कोणी गुटीत मध घालायला आलं तर हाकलून द्या, वर्षाच्या आत मध नाही.

हां, अंगावरचं उत्तमच, पहिले सहा महिने तेवढंच द्यावं हे खरं. बाळ दिवसाला सहा लंगोट ओले करत असेल, वजन चढत असेल, तर दूध पुरतंय. शेजारीण म्हणाली म्हणून डबा आणू नका. आणलाच असेल तरी पाजणं सोडू नका. आणि तुमचं रडू दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर १४४१६ ला फोन करा, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धाकटीच्या वेळी मला दूध धो धो आलं. आत्याबाई म्हणाल्या, "आता कशी शहाणी झालीस." लाडू तेच होते, आईच्याच हातचे.