व्यापार शिष्टमंडळ: निघण्यापूर्वीची कागदपत्रे, दर आणि पेटंट

परदेशी जाणाऱ्या व्यापार शिष्टमंडळांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक प्रश्न बैठकीत काय बोलावे याबद्दल आहेत. खरी अडचण मात्र त्याआधीच्या तयारीत असते, म्हणून उत्तरांचा भर तिथे आहे.

प्रश्न: आम्ही सेंट्रिफ्युगल पंप बनवतो. चालू स्थितीतले तीन पंप दाखवायला न्यायचे आहेत आणि परत आणायचे आहेत. तिकडे आयात शुल्क भरावे लागेल का?

दोन्ही देश एटीए कार्नेट (माल तात्पुरता शुल्काविना नेण्या-आणण्याचे कस्टम्सचे पुस्तक) मानत असतील तर भरावे लागणार नाही. हे पुस्तक आपल्या देशातील अधिकृत वाणिज्य मंडळ देते. त्यासाठी तारण किंवा बँक हमी ठेवावी लागते आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. प्रदर्शनाचा माल, व्यावसायिक उपकरणे आणि व्यापारी नमुने हे त्याचे मुख्य तीन उपयोग. काही देश यांतला एखादाच स्वीकारतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी विचारून घ्या.

सगळा भार मालाच्या यादीवर असतो. प्रत्येक नगाचे वर्णन, अनुक्रमांक, वजन, किंमत आणि मूळ देश लिहावा लागतो. एकदा कार्नेट निघाले की यादीत भर घालता येत नाही. पंपाच्या नेमप्लेटवरचा क्रमांक आणि यादीतला क्रमांक एका अक्षराने जरी वेगळा असला तरी अधिकारी तो नग बाजूला काढू शकतो. म्हणून यादी टाइप झाल्यावर ती हातात घेऊन प्रत्येक नेमप्लेटशी ताडून बघा. वाटून टाकायची माहितीपत्रके, चाचणीत संपणारे तेल, ग्रीस यात बसत नाहीत. त्यांचे वेगळे बीजक करा.

पिवळी पाने आपल्या देशातून निघताना आणि परतताना लागतात, पांढरी तिकडे शिरताना आणि तिथून निघताना, निळी वाटेतल्या देशासाठी. सर्वांत जास्त घोळ तिकडून निघताना होतो. परतीच्या गडबडीत पंप सामानात चेक-इन होतात, पांढऱ्या पानावर शिक्का घ्यायचा राहतो, आणि माल तिकडेच राहिला असे धरून शुल्काची मागणी येते. ही रक्कम शुल्कापेक्षा १० टक्क्यांपर्यंत अधिक असू शकते. म्हणून आधी कस्टम्सच्या खिडकीवर जा, मग चेक-इनला. एखाद्या ग्राहकाने तिथेच पंप विकत मागितला तरी कार्नेटवरचा नग देऊ नका, नवा पाठवा.

लाकडी खोका असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, ठसा हवा. ठशात ‘HT’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवले असल्याची ती खूण आहे. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून नमुन्यांसाठी प्लायवूडचाच खोका बरा. चाचणीनंतर केसिंगमधले (पंपाच्या बाहेरच्या कवचातले) पाणी व तेल पूर्ण काढून ते कोरडे करा. कंट्रोलरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास.

प्रश्न: पहिल्याच बैठकीत समोरचे दर विचारतात. कारखान्याचा दर सांगितला की बोलणे थंडावते. का?

कारण त्या दरावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही. त्यांच्या गोदामात पोचेपर्यंतचा खर्च तुम्ही आधीच मांडलेला हवा.

सुरुवात एचएस कोडपासून, म्हणजे कस्टम्ससाठीच्या मालाच्या वर्गीकरण क्रमांकापासून करा. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे अंक त्या देशाचे. सेंट्रिफ्युगल पंपांचा कोड सहसा ८४१३.७० असतो. तो देऊन तिकडच्या कस्टम्स एजंटकडून पूर्ण कोड आणि शुल्काचा दर लेखी मागवा. दोन देशांत व्यापार करार असेल तर मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर शुल्क कमी होते का, तेही विचारा.

आता नमुन्यादाखल हिशेब. कारखान्यात १००, बंदरापर्यंतची वाहतूक व निर्यात मंजुरी ६, समुद्रभाडे आणि विमा ९. म्हणजे सीआयएफ (विमा आणि समुद्रभाडे धरून तिकडच्या बंदरापर्यंतचा दर) ११५. त्यावर १० टक्के शुल्क ११.५०, एजंट आणि आतली वाहतूक ५. आयातदाराला माल १३१.५० ला पडला. त्याने ३० टक्के चढवले की जवळपास १७१. तिथल्या स्पर्धकाचा पंप १५० ला विकला जात असेल, तर कारखान्याच्या दरात दोन-तीन टक्के सूट देऊन काही होणार नाही, हे निघण्यापूर्वीच कळते. पुष्कळ देशांत शुल्क सीआयएफवर लागते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मात्र एफओबीच्या, म्हणजे आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतच्या दराच्या आधारे.

कंटेनरच्या मालाला सवयीने एफओबी लिहू नका. कंटेनर तुम्ही टर्मिनलवर सोपवता, पण एफओबीत जोखीम माल जहाजावर चढेपर्यंत तुमचीच राहते. यार्डात नुकसान झाले तर भुर्दंड तुम्हाला. इथे एफसीए योग्य, त्यात ठरलेल्या जागी वाहतूकदाराकडे माल सोपवला की तुमची जोखीम संपते. पुढे टर्मिनलचे नाव आणि ‘इनकोटर्म्स २०२०’ (या व्यापारी अटींची नियमावली) लिहायला विसरू नका.

प्रश्न: कार्यक्रमात नवोन्मेष केंद्राची भेट आहे. आमच्या पंपाची गळती रोखणाऱ्या नव्या सीलची रचना दाखवावी का?

पेटंटचा अर्ज दाखल झालेला नसेल तर अजिबात नाही. युरोपात अर्जापूर्वीचे जाहीर प्रदर्शन तुमचेच असले तरी नावीन्य संपवते आणि पेटंट मिळत नाही. अमेरिका आणि जपानमध्ये जाहीर केल्यानंतर अर्ज करायला वर्षाची सवलत असते, पण तिच्यावर विसंबून बाजारपेठा गमावू नका. आधी आपल्या देशात अर्ज करा. पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्कविषयीच्या पॅरिस करारानुसार त्या तारखेपासून १२ महिन्यांत इतर सदस्य देशांत अर्ज केल्यास पहिलीच तारीख धरली जाते. औद्योगिक डिझाइन आणि ट्रेडमार्कसाठी ही मुदत सहाच महिने आहे.

गोपनीयता करारावर सही घ्यावीच, पण गुंतवणूकदार बहुधा पहिल्या भेटीत सही करत नाहीत. तेव्हा किती तास गळती झाली नाही, किती दाबाला चाचणी केली, एवढे आकडे द्या. छेद-आकृती स्लाइडवर टाकू नका. कोणीतरी फोटो काढतोच.

प्रश्न: यजमान दुभाषी देणार आहेत. वेगळा घ्यावा का?

दराची बोलणी असतील तर घ्या. वाक्यामागून वाक्य भाषांतर होत असल्याने ४५ मिनिटांच्या बैठकीत तुम्हाला जेमतेम निम्मा वेळ मिळतो. तांत्रिक शब्दांची यादी आणि ड्रॉइंग त्याला आदल्या दिवशी द्या. आकडे तोंडी सांगितले तरी कागदावर लिहून समोर ठेवा.

प्रश्न: एक ग्राहक एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असल्यास पैसे देण्याची बँकेची हमी) उघडायला तयार झाला आहे. काय तपासावे?

बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. एलसीत ‘स्टेनलेस स्टील सेंट्रिफ्युगल पंप’ असेल आणि बीजकात ‘एसएस पंप’, तर ती तफावत ठरून पैसे अडू शकतात. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कागद तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात. एलसीत वेगळी मुदत नसेल, तर माल चढल्यापासून २१ दिवसांत आणि एलसी संपण्यापूर्वी कागद सादर करावे लागतात. उघडण्यापूर्वी मसुदा मागवा. वर्णन, बंदराचे नाव, शेवटची शिपमेंट तारीख आणि एफसीएवर बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) कसे मिळेल, हे आपल्या बँकेला दाखवा. बदल हवा असेल तर माल कारखान्यातून निघण्यापूर्वी लेखी मागा.