डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) सराव पाठाचं निरीक्षण करताना नेमकं काय पाहावं?

टाचण (पाठाचं लेखी नियोजन) नीटनेटकं आहे का, फळ्यावरचं अक्षर कसं आहे, यातच गुण संपवू नका. आधी टाचणातली अध्ययन निष्पत्ती, म्हणजे पाठानंतर मुलांना काय यायला हवं ते, वाचा आणि ती साधली हे कसं तपासणार, ते छात्राध्यापकाला, म्हणजे पाठ घेणाऱ्या शिकाऊ शिक्षकाला, विचारा. मग मागच्या बाकावर बसून मुलांच्या वह्या बघा. तिसरीत कुणी ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहिलं, म्हणजे त्याने ७ तून २ वजा केले. छात्राध्यापक नुसती फुली मारतो, की दहा काड्यांचा गठ्ठा मोकळा करून दशक सुटा करायला लावतो? खरा कस इथेच लागतो. असं थांबल्यामुळे टाचण अर्धं राहिलं तरी मी जास्त गुण देईन. पाठावर त्याच दिवशी बोला, आणि पहिला प्रश्न छात्राध्यापकालाच विचारा: आज कोणाला समजलं नाही?