लिंडसेला यायचं म्हणतोयस, तर

रत्नागिरीजवळच्या शिरगावला बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी झालीय, आता कॅनडात ओंटारिओतल्या लिंडसेच्या फ्लेमिंग कॉलेजात फिश अँड वाइल्डलाइफचा, म्हणजे मासे आणि वन्यजीवांचा, दोन वर्षांचा डिप्लोमा करू का, आणि बायको-मुलीला बरोबर नेऊ का, असं विचारलंयस. फी, व्हिसा, वर्क परमिट यावर मी काही लिहीत नाही. मी 2016 ला आले तेव्हाचे नियम आता राहिले नाहीत, ते सरकारी साइटवरच बघ.

चार वर्षांची पदवी हातात असताना दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे एक पायरी खाली उतरणं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव, नाहीतर फोनवर सांगत बसावं लागतं. इथे टेक्निशियन घडवतात, बायोलॉजिस्ट नाही. सगळं हाताचं काम. ट्रेलरवरची बोट मागे घेत घेत पाण्यात सोडायची, जाळी लावायची, पाठीवर बॅटरी बांधून ओढ्यात विजेच्या झटक्याने मासे गुंगवायचे, मोजून परत सोडायचे. वर्गातली पोरं लहानपणापासून बापाबरोबर शिकारीला जाणारी, त्यांना नुसत्या पंखावरून बदक ओळखता येतं. मला कावळा आणि बगळा.

पण एक सांगते. ढोमी खाताना डोक्यातून दोन पांढरे खडे निघतात ना, जे आपण ताटाच्या कडेला ठेवतो? इथे वॉलआय नावाच्या तळ्यातल्या माशाच्या डोक्यातला तसाच खडा पातळ कापून मायक्रोस्कोपखाली धरतात. थंडीत माशाची वाढ जवळपास थांबते, त्याची खूण खड्यात राहते. एक वर्ष, एक रेघ. आपल्या समुद्राला असा हिवाळाच नाही, म्हणून आपल्याकडच्या माशांच्या रेघा इतक्या सरळ वाचता येत नाहीत. मी एक मासा 19 वर्षांचा काढला. सरांनी दोनदा मोजला, 19 च. त्या दुपारी बाकी सगळं माफ होतं.

कामं निघतात ती बहुतेक मे ते ऑगस्टची, आणि जाहिरातीत पूर्ण 'जी' लायसन्स, म्हणजे इथला गाडीचा शेवटच्या टप्प्याचा परवाना मागतात. भारतात गाडी चालवल्याचा अनुभव धरतात, पण त्याचं आरटीओचं पत्र लागतं. माझ्याकडे नव्हतं. दिराने चार फेऱ्या मारून काढलं, तर त्यावर माहेरचं आडनाव, आणि स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. परत पाठवलं. दुसरं येईस्तोवर जून उलटला. पहिला उन्हाळा मी तळ्यावर नाही, कॉफीच्या दुकानात काढला. अजूनही वर्षातले चार महिने मासे मोजते आणि आठ महिने गोदामात खोकी. फेडरल नोकऱ्यांत आधी नागरिक आणि पीआरवाले, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेले, तोवर वय निघून जातं.

एकटेपणाचं विचारलंयस. वाटतं. फेब्रुवारीत जास्त. सवय होते.

मुलीचं मात्र मला विचारायला नको होतंस. माझी तेव्हा सात वर्षांची होती, रत्नागिरीत इंग्रजी माध्यमात शिकलेली. शाळेच्या फॉर्मवर 'घरची भाषा' समोर मी अभिमानाने मराठी लिहिलं. झालं, आठवड्यातून दोनदा तिला वर्गातून उठवून इंग्रजी शिकायला न्यायला लागले, तेही नेमकं सायन्सच्या तासाला. तिला 'ॲपल' आणि 'बॉल' म्हणायला लावायचे. एकदा कोणी जाऊन ठणकावून सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मीटिंगची तारीख आली त्या आठवड्यात आमची जाळी पाण्यात होती. जाळी रोज उचलावी लागते, नाहीतर आतले मासे मरतात. मी मासे उचलायला गेले. मीटिंगला नवरा गेला आणि मान डोलावून आला. अख्खं वर्ष तसंच गेलं. तिने मला सांगितलंही नाही, दोन वर्षांनी सहज बोलण्यात आलं. आता सतरा वर्षांची आहे, अकाउंट्स घेणार म्हणते. घेऊ दे. तळ्यावर येतेस का विचारलं की मोबाइलमधून मान वर करत नाही.

तेव्हा आण की आणू नको, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

आरटीओचं पत्र मात्र निघण्याआधी घे. नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते तिथेच खिडकीपाशी उभं राहून बघ. मागचे ओरडले तरी हलू नकोस.