सोचनला पॉइंट गार्ड खेळवल्यामुळे वेम्बान्यामाचा पहिला हंगाम वाया गेला का?

नाही, वाया मुळीच गेला नाही. सुरुवातीचे काही आठवडे मात्र नक्कीच अडखळत गेले. २०२३-२४ च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) हंगामात सॅन अँटोनियो स्पर्स संघाने दोन प्रयोग एकाच वेळी केले: मुळात फॉरवर्ड असलेल्या जेरेमी सोचनकडे पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे डाव रचणारा खेळाडू म्हणून, चेंडू सोपवला आणि व्हिक्टर वेम्बान्यामा या नवोदिताला सेंटर (रिंगच्या सर्वात जवळ खेळणारा) झॅक कॉलिन्सच्या जोडीला पॉवर फॉरवर्ड म्हणून, म्हणजे रिंगपासून थोडं लांब, उतरवलं. त्यामुळे रिंगजवळ वेम्बान्यामाला वेळेवर पास मिळत नव्हते, आणि इतका उंच खेळाडू लांबून अवघड शॉट मारताना दिसायचा. चाहत्यांचा संताप मला अगदी पटतो. पण डिसेंबरमध्ये तो सेंटरच्या जागी गेला, जानेवारीत पॉइंट गार्ड ट्रे जोन्स सुरुवातीच्या पाचात आला आणि चित्र बदललं. डेट्रॉइटविरुद्ध वेम्बान्यामाने जेमतेम २१ मिनिटांत ट्रिपल-डबल (तीन प्रकारच्या आकड्यांत दहा किंवा जास्त) केला. फेब्रुवारीत टोरांटोविरुद्ध तर १० ब्लॉकसह (प्रतिस्पर्ध्याचे अडवलेले शॉट) ट्रिपल-डबल! हंगामाअखेर सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ३.६ ब्लॉक. 'रूकी ऑफ द इयर' (सर्वोत्तम नवोदित) पुरस्कार एकमताने मिळाला, शिवाय ऑल-डिफेन्सिव्ह (हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या) पहिल्या संघात येणारा तो पहिला रूकी ठरला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सामन्यामागे ३.७ टर्नओव्हर (चेंडू प्रतिस्पर्ध्याला गमावणं) आणि तीन गुणांच्या शॉटमध्ये ३२.५ टक्के यश, हे आकडे चांगले नाहीत. त्यातला किती दोष संघरचनेचा आणि किती त्याच्या स्वतःच्या शॉट-निवडीचा, हे आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. माझ्या मते शॉट-निवडीचा वाटा चाहते मानतात त्यापेक्षा मोठा आहे.